एचडी पारखण्याची पहिली पुस्तिका (डहाणू-तलासरी आवृत्ती)

ही पुस्तिका नवशिक्यांसाठी आहे. म्हणजे ज्यांच्या भिंतीवर नवा टीव्ही लागला आहे, एचडी पॅकचे जास्तीचे पैसे दर महिन्याला कापले जात आहेत आणि शेजारचे काका येऊन, चहा पिऊन, "आमच्याकडे पण असंच दिसतं की" एवढं बोलून निघून गेले आहेत, अशांसाठी. काकांना उत्तर देता यावं हा या अभ्यासक्रमाचा मुख्य हेतू. साहित्य फार लागत नाही: दोन डोळे, एक रिमोट आणि घरच्यांची सहनशक्ती. यातली तिसरी वस्तू लवकर संपते, म्हणून धडे भराभर उरकावेत.

पूर्वपीठिका

डहाणू-तलासरीच्या विद्यार्थ्याला बाकी महाराष्ट्रापेक्षा एक सोय जास्त आहे. टीव्हीवरचे बरेचसे देव, राक्षस आणि चक्रवर्ती राजे जिथे तयार होतात ते उंबरगाव आपल्या शिवेला लागून आहे. १ मे १९६० पर्यंत ते ठाणे जिल्ह्यातच होतं. राज्याची वाटणी झाली तेव्हा गुजरातेत गेलं. रामानंद सागरांचं 'रामायण' १९८७ साली सुरू झालं ते तिथल्याच वृंदावन स्टुडिओतून. २०१३चं 'महाभारत' आणि नंतरचं 'राधाकृष्ण' हीसुद्धा उंबरगावचीच. तलासरीकराला हस्तिनापूर दुपारच्या जेवणाआधी जाऊन येण्यासारखं आहे.

आता तेच हस्तिनापूर तलासरीच्या घरात कसं येतं ते बघा. सेटवरून चित्रीकरण मुंबईला जातं, तिथे कापलं-जोडलं जातं, मग चॅनलवाल्यांच्या हाती पडतं. तिथून वर, विषुववृत्तावर सुमारे ३६,००० किलोमीटर उंच टांगलेल्या उपग्रहाकडे. तिथून खाली डीटीएच कंपनीच्या केंद्रात, तिथून पुन्हा वर दुसऱ्या उपग्रहाकडे आणि पुन्हा खाली, तुमच्या पत्र्यावरच्या छत्रीत. वीसेक किलोमीटरवर राहणारा दुर्योधन लाख-दीड लाख किलोमीटर फिरून दारात येतो. इतक्या प्रवासात माणसाची रया जाते, तर चित्राची का जाऊ नये? ती नेमकी कुठे जाते, हे ओळखायला शिकणं म्हणजेच एचडीची पारख.

धडा पहिला: पाठीमागून सुरुवात

पडद्याकडे बघायच्या आधी टीव्हीच्या मागे हात घाला. पाल नाही ना, तेवढं बघून घ्या. सेट टॉप बॉक्समधून निघून टीव्हीत शिरणारी वायर कोणती आहे? पिवळ्या, लाल आणि पांढऱ्या टोकांची असेल तर हा धडा तुमच्यासाठीच लिहिला आहे. त्यातल्या पिवळ्या टोकातून एचडी जात नाही. बॉक्सवर एचडी लिहिलेलं असो, पॅक एचडीचं असो, चॅनलच्या कोपऱ्यात एचडी चमकत असो. त्या वायरीतून साधंच चित्र उतरतं. साध्या चित्रात आडवे ७२० आणि उभे ५७६ ठिपके, म्हणजे एकूण ४,१४,७२०. पूर्ण एचडीत १,९२० गुणिले १,०८०, म्हणजे २०,७३,६००. बरोब्बर पाचपट. पैसे पाचपट ठिपक्यांचे भरायचे आणि बघायचे एकपट, असा व्यवहार कित्येक घरांत वर्षानुवर्षं सुखाने चालू असतो आणि कोणाचंही काही अडत नाही. बॉक्स बसवायला येणारा पोरगा घाईत असतो, त्याच्या पिशवीत तीन रंगांची वायर वर असते आणि एचडीएमआयची तळाशी. त्याला दोष देऊ नका. दहा-अकराव्या घरी तुम्हीही पिशवीच्या तळाशी हात घातला नसता.

वायर बदललीत? आता टीव्हीचं खोकं माळ्यावरून काढून वाचा. बत्तीस इंची टीव्हीवर पुष्कळदा 'एचडी रेडी' असं लिहिलेलं असतं. त्या पडद्यावर १,३६६ गुणिले ७६८ ठिपके असतात, साडेदहा लाखांच्या आसपास. उपग्रहावरून आलेल्या वीस लाखांतले निम्मे त्याला मांडायला जागाच नाही. हे वाचून खोकं परत माळ्यावर ठेवा आणि घरात कोणाला सांगू नका, विशेषतः ज्यांनी पैसे दिले त्यांना.

धडा दुसरा: कुठे बसावं

नव्या वायरीचं उद्घाटन करून तुम्ही सगळ्यांना हाक माराल. सगळे येतील, बघतील आणि म्हणतील, "काय फरक?" इथे विद्यार्थ्याने खचू नये. निरोगी डोळा जेवढं बारीक बघू शकतो त्याला मर्यादा आहे. बत्तीस इंची पडद्यावरच्या १,०८० ओळी वेगवेगळ्या दिसायला हव्या असतील तर सुमारे सव्वा मीटरवर, म्हणजे चारेक फुटांवर बसावं लागतं. त्रेचाळीस इंची असेल तर साडेपाच फूट चालतील. बत्तीस इंचीपासून आठ फुटांपलीकडे गेलात की साध्या चॅनलच्या ५७६ ओळीसुद्धा एकमेकींत मिसळतात. तिथून पुढे एचडी आणि साधं सारखंच.

आता आपल्याकडची घरं बघा. टीव्ही आतल्या भिंतीवर, पुढे खाट, खाटेपुढे जाण्या-येण्याची वाट, आणि क्रिकेट किंवा कबड्डी असेल तेव्हा निम्मी मंडळी पडवीत उभी. पडवीतल्या माणसाला एचडीचा काडीचा उपयोग नाही. शेजारचे काका पडवीतच उभे राहून चहा प्यायले होते, हे लक्षात आलं का? त्यांचं विधान शास्त्राला धरून होतं.

सराव म्हणून चार फुटांवर पाट टाकून बसा. मागून "ए, बाजूला हो" असं ऐकू येईपर्यंत निरीक्षण करावं.

धडा तिसरा: चिकू धरून पाहणे

रंगाची परीक्षा शहरातले लोक महागड्या यंत्रांनी करतात. डहाणू, घोलवड, बोर्डीच्या विद्यार्थ्याला त्याची गरज नाही. इथल्या चिकूला २०१६ साली 'डहाणू घोलवड चिकू' म्हणून भौगोलिक मानांकन मिळालं आहे, तेव्हा हे प्रमाणित उपकरणच समजा.

एक पिकायला आलेला, न धुतलेला चिकू घ्या. सह्याद्री वाहिनीवर 'आमची माती, आमची माणसं' लागेल तेव्हा, किंवा कुठल्याही कार्यक्रमात फळबाग दिसेल तेव्हा, तो पडद्याशेजारी धरा. हातातल्या चिकूची साल बघा: मातकट, भुरकट, बोट फिरवलं की पिठासारखं काही निघतं, ऊन पडलं तरी ती चमकत नाही. आता पडद्यावरचा चिकू बघा. तो तांबूस-नारिंगी असेल, वर तेल चोपडल्यासारखी चकाकी असेल आणि मागची पानं पोपटाला लाजवणारी असतील, तर तुमचा टीव्ही 'व्हिविड' किंवा 'डायनॅमिक' मोडवर आहे. हा मोड दुकानासाठी असतो. दुकानात डोक्यावर ढीगभर ट्यूबलाइट, शेजारी वीस टीव्ही. त्यात ज्याचा पडदा सगळ्यांत जास्त ओरडेल तो विकला जातो. घरी आणल्यावर तो ओरडतच राहतो. पांढरा रंगही त्या मोडवर निळसर होतो, म्हणून मालिकेतल्या सुना ट्यूबलाइट गिळल्यासारख्या दिसतात.

मेनूत जाऊन 'सिनेमा' किंवा 'मूव्ही' निवडा. चित्रीकरण आणि संकलन करणारे ज्या पांढऱ्याला पांढरं मानून रंग ठरवतात, त्या पांढऱ्याच्या हा मोड सर्वांत जवळ असतो. चिकू आता चिकूवर येईल. त्याच क्षणी घरातलं कोणीतरी म्हणेल, "टीव्हीला कावीळ झाली का रे?" दोन-तीन दिवस कळ काढा. डोळ्यांना सवय झाली की जुना मोड तेच लोक सहन करत नाहीत. तेवढ्यात 'शार्पनेस' नावाचं बटण खाली आणून ठेवा. ते चित्राला तेज करत नाही, प्रत्येक कडेला पांढरी किनार काढतं. हिरोच्या डोक्याभोवती प्रभावळ दिसत असेल आणि मालिका पौराणिक नसेल, तर दोष या बटणाचा.

चिकू खाऊन टाकावा.

धडा चौथा: एचडी चॅनलवर एचडी नसतं ते कसं ओळखावं

स्टार प्रवाह, कलर्स मराठी आणि झी मराठी यांची एचडी रूपं २०१६ साली आली. त्याआधीचा मराठी टीव्हीचा मोठा साठा साध्या चित्रातला आहे. एचडी चॅनलवर तो लागतो तेव्हा ४,१४,७२० ठिपके ताणून वीस लाखांच्या जागेवर पसरलेले असतात. कोपऱ्यातलं एचडी चिन्ह चॅनलचं असतं, कार्यक्रमाचं नसतं.

यात एक गंमत आहे. जुनं म्हणजे धूसर असा नियम नाही. व्ही. शांताराम यांचा 'पिंजरा' १९७२चा, फिल्मवर काढलेला. पस्तीस मिलिमीटरच्या निगेटिव्हमध्ये एचडीपेक्षा जास्त तपशील मावतो, त्यामुळे निगेटिव्ह नीट राहिली असेल तर आज पुन्हा स्कॅन करून खरंखुरं एचडी काढता येतं. 'रामायण' पंधरा वर्षांनी नवं, पण व्हिडिओवर चित्रित झालेलं. टेपवर जेवढ्या ओळी त्या दिवशी उतरल्या तेवढ्याच कायमच्या. २८ मार्च २०२० पासून टाळेबंदीत ते पुन्हा लागलं तेव्हा अख्खा देश बघत होता, आणि मोठ्या टीव्हीवर बघणाऱ्यांना लंका जरा धुक्यात वाटली असेल तर ती समुद्राजवळ आहे म्हणून नव्हे. थोडक्यात, बाप मुलापेक्षा तरणा दिसू शकतो.

जुन्या मालिकेच्या दोन्ही बाजूंना काळ्या पट्ट्या दिसल्या तर आनंद माना. चित्र मुळात चारास तीन या मापाचं आहे आणि कोणीतरी ते तसंच ठेवलं आहे. पट्ट्या बघून "स्क्रीन पूर्ण येत नाही" म्हणत रिमोटवरचं झूम-वाइडचं बटण दाबणारा घरात एक तरी असतोच. दाबलं की प्रत्येक माणूस एक-तृतीयांशाने रुंद होतो. कुंभकर्णाला ते शोभतं. पण चौदा वर्षं कंदमुळं खाऊन राहिलेल्यांनी असं अंग धरलेलं बरं दिसत नाही. रिमोट लपवून ठेवावा.

धडा पाचवा: सगळ्या एचडी मालिका सारख्या का नसतात

ठिपके वीस लाख सगळ्यांनाच मिळतात. त्या ठिपक्यांवर उजेड कसा पाडायचा हे ज्याचं त्याने ठरवायचं. रोजच्या मालिकेला रोज बावीसेक मिनिटांचा मजकूर काढावा लागतो. एका खोलीत दोन-तीन कॅमेरे लावलेले, कोणत्याही क्षणी कोणाच्याही चेहऱ्यावर जाता यावं म्हणून दिवे सगळीकडून सारखे. सावलीच नाही, तर खोली कुठून येणार? त्यात चेहऱ्यावरच्या सुरकुत्या दिसू नयेत म्हणून वेगळी मेहनत घेतलेली असते. एचडी आलं आणि मेकअपवाल्यांचं काम वाढलं; पूर्वी जे पिवळ्या वायरीत आपोआप पुसलं जायचं ते आता हाताने पुसावं लागतं. म्हणूनच सासूबाईंच्या गालापेक्षा त्यांच्या मागची कुंडी जास्त स्पष्ट दिसते. विद्यार्थ्याने परीक्षा घेताना चेहरा सोडून कुंडी बघावी.

बाहेर उन्हात चित्रित झालेली मालिका लगेच ओळखू येते. 'तुझ्यात जीव रंगला' कोल्हापूरकडच्या गावात झाली, आणि तिथलं शेत, माती, भिंतीवरचं ऊन यांना सेटवरच्या दिव्यांची सर कधीच आली नसती. सूर्य हा अजूनही सगळ्यांत स्वस्त आणि सगळ्यांत चांगला दिवा आहे असं माझं मत आहे, निर्मात्यांनी रागावू नये.

अंधाराचा प्रकार याच्या उलट. 'रात्रीस खेळ चाले'चं २०१९ मधलं दुसरं पर्व घ्या. चित्र दाबून लहान करणारं यंत्र, ज्याला एन्कोडर म्हणतात, ते काटकसर करायला लागलं की आधी अंधारावर करतं. काळोखात कोणाला काय दिसतंय, असा त्याचा हिशेब. मग ज्या चॅनलला बिट, म्हणजे चित्र पाठवायची माहिती, कमी मिळाले असतील त्यावर वाड्याच्या कोपऱ्यात काळे, अजून काळे आणि राखाडी चौकोन सरपटायला लागतात. मालिकेतले अण्णा नाईक येण्याआधी चौकोन येतात. घाबरायचं तर दोघांनाही घाबरा.

धडा सहावा: डहाणू लोकल आणि पुष्पवृष्टी

हा धडा सगळ्यांत महत्त्वाचा, म्हणून जरा सावकाश.

दाबलेलं नसेल तर एचडी चित्र सेकंदाला एक अब्जाच्या आसपास बिट मागतं. तुमच्यापर्यंत येतात त्यातले काही मोजके दशलक्ष. उपग्रहावरच्या एका ट्रान्सपॉन्डरची, म्हणजे चॅनलं घेऊन खाली पाठवणाऱ्या यंत्राची, क्षमता ठरलेली असते आणि त्यात अनेक चॅनलं बसवायची असतात. २०१३ साली चर्चगेटहून डहाणू रोडपर्यंत लोकल आली, तिच्या डब्यात बसल्यासारखंच समजा. जागा तेवढीच, माणसं जास्त. क्रिकेट चढलं की खिडकी त्याची: धावणारी माणसं, फिरणारा कॅमेरा, हलणारी गर्दी, त्याला जागा द्यावीच लागते. बातमीदार शांत बसून बोलतो, तो चौथ्या सीटवर अर्धा टेकून प्रवास करतो. मालिकेतले संवाद दरवाजाजवळ उभे. पालघर, बोईसरला गर्दी उतरली की सगळे जरा पाय पसरतात. क्षणाक्षणाला ही सरकासरकी एक यंत्र करत असतं, आणि तुम्ही बघत असलेल्या मालिकेचं चित्र तुमच्या मालिकेमुळे नाही, शेजारच्या चॅनलवर सहावी ओव्हर चालू आहे म्हणून बिघडू शकतं. वर, चॅनलने एकदा दाबलेलं चित्र डीटीएचवाला किंवा केबलवाला आपल्या डब्यात बसवायला पुन्हा दाबतो. दूरसंचार नियामक ट्रायच्या २०१९ पासून लागू झालेल्या नियमांत एक एचडी चॅनल दोन साध्या चॅनलांइतकं धरलं गेलं. तिकीट दोन सीटचं, बसायला मिळेलच असं नाही.

एन्कोडरचं काम कसं चालतं? मागच्या चित्रापेक्षा जे बदललं तेवढंच तो पाठवतो. भिंत तीच, पडदा तोच, फक्त सूनबाईंचे डोळे मोठे झाले: फार थोडे बिट. कॅमेरा एका बाजूला सरकला: "सगळं डावीकडे ढकला" एवढा निरोप पुरतो. पण देवांनी आकाशातून फुलं टाकली की त्याची भंबेरी उडते. प्रत्येक पाकळी वेगळ्या दिशेने, वेगळ्या वेगाने, गिरक्या घेत खाली येते. सेकंदाला पंचवीस चित्रं आणि मागच्या चित्रातलं पुढे काहीच कामाचं नाही. बिट संपतात आणि स्वर्गातून चौकोन बरसायला लागतात. पाऊस, समुद्राच्या लाटा, अग्निबाण, यज्ञाचा धूर, रिॲलिटी शोमध्ये शेवटी उडवतात ते चमकीचे कागद, सगळे याच जातीचे. उंबरगावचा माल नेमका यांनीच भरलेला असतो, त्यामुळे पौराणिक मालिका ही एन्कोडरची शालान्त परीक्षा आहे.

शेजारच्या काकूंना हे समजावून सांगायचा मोह होईल.

"काकू, पुष्पवृष्टीत चौकोन दिसतात बघा."

"फुलंच तशी असतील तिथली."

यावर आपल्या शास्त्रात उत्तर नाही. पुढच्या लक्षणाकडे वळा. आकाशवाणी होते तेव्हा मागचं निळं आकाश नीट बघा. गडद निळ्यापासून फिकट निळ्यापर्यंत रंग अलगद बदलायला हवा. त्याऐवजी कांद्याच्या पाकळ्यांसारखी वलयं दिसतील. टीव्हीच्या चित्रात काळ्यापासून पांढऱ्यापर्यंत जेमतेम दोनशे वीस पायऱ्या असतात, आणि दाबादाबीत त्यातल्याही काही गळतात. क्षीरसागराला घाट बांधलेला दिसतो तो यामुळे.

आणखी एक खास आपल्या भागातली परीक्षा. गंजाडचे जिव्या सोमा मशे यांना २०११ साली पद्मश्री मिळाली. त्यांच्या आणि इतरांच्या वारली चित्रांवर अधूनमधून माहितीपट लागतात. गेरूच्या पार्श्वभूमीवर तांदळाच्या पिठाच्या केसाएवढ्या पांढऱ्या रेघा. आपल्याकडचं एचडी प्रक्षेपण बहुतांशी ओळी आलटून-पालटून पाठवतं: आधी १, ३, ५, मग २, ४, ६, सेकंदाला पन्नास वेळा. एका ओळीएवढी बारीक आडवी रेघ त्यामुळे अर्धा वेळ असते, अर्धा वेळ नसते. कॅमेरा सावकाश चित्रावरून फिरला की वारल्यांच्या झोपडीचा कूड लुकलुकायला लागतो आणि तारप्याभोवतीचं वेटोळं खरोखर नाचतं. हा दोष आहे. मला तो आवडतो.

धडा सातवा: पाऊस

जून ते सप्टेंबर हा अभ्यासक्रमाचा सुट्टीचा काळ. पूर्वीच्या अँटेनावर चित्र बिघडायचं ते हळूहळू: आधी मुंग्या, मग जास्त मुंग्या, मग नुसत्या मुंग्या. कोणीतरी छपरावर, कोणीतरी दारात, "आलं का?" "आलं, आलं... गेलं!" डिजिटलला हा मधला संसार माहीत नाही. ते असतं किंवा नसतं. छत्रीत येणाऱ्या लहरी अडीचेक सेंटिमीटर लांबीच्या. पावसाचे टपोरे थेंब त्या शोषतात आणि विखुरतात. पुष्कळदा एचडी चॅनल आधी जातं आणि साधं चॅनल थोडं तग धरतं, कारण एचडीचे बिट जास्त दाटीने बांधून पाठवलेले असतात. तलासरीच्या पाड्यांवर फ्री डिशची छत्री असलेला शेजारी अशा वेळी निवांत गाणी बघत असतो. महिन्याला एक पैसा न भरता. त्याच्याकडे जाऊन बसावं.

डहाणूच्या किनाऱ्यावरून चाललात तर एक दिसेल: झाडून सगळ्या छत्र्या समुद्राकडे पाठ करून उभ्या आहेत. उपग्रह ८३, ९३.५, ९५ किंवा १०८ अंश रेखांशावर, म्हणजे आपल्या पूर्वेकडे, त्यामुळे तोंड दक्षिण-आग्नेयेपासून पूर्वेकडे कुठेतरी. म्हणून समुद्रावरून ढग येताना दिसले तरी चित्र शाबूत असतं, आणि आपल्या अंगणात ऊन पडलेलं असताना दोन-तीन किलोमीटरवर आग्नेयेला सर कोसळली की टीव्ही आंधळा होतो. छत्रीवर छत्री धरून उपयोग नाही. पोरांना उगाच भिजवू नका. शिवाय पाऊस थांबेपर्यंत वीज गेलेली असते. डहाणूत ५०० मेगावॉटचं औष्णिक केंद्र आहे. त्याची वीज मुंबईच्या उपनगरांत जाते, तिथले टीव्ही पावसातही चालू असतात, हे ऐकून विद्यार्थ्याने मनाला लावून घेऊ नये.

मोबाइलवर बघणाऱ्यांसाठी वेगळा धडा नाही. हद्दीवर उभं राहिलात तर फोन एकदा महाराष्ट्राचा, एकदा गुजरातचा. चित्र मिळेल त्या वेगाप्रमाणे मिनिटाला रूप बदलतं. त्याची पारख करण्यात अर्थ नाही.

अंतिम परीक्षा

परीक्षा पौराणिक मालिकेच्या युद्धाच्या भागावर घ्यावी. दिवस कोरडा हवा, वायर एचडीएमआयची, मोड चिकूवर लावलेला, पाट चार फुटांवर. दोन्ही सैन्यं समोरासमोर उभी राहतात तो लांबून घेतलेला शॉट दोन-तीन सेकंदांचाच असतो, आणि अजून बाण सुटलेले नसतात म्हणून बिट मुबलक असतात. हाच क्षण पकडायचा. गर्दीत उभं राहायला आसपासच्या गावांतली पोरं जातात, त्यामुळे एखादा ओळखीचा सैनिक सापडण्याची शक्यता इथे मुंबईपेक्षा बरीच जास्त.

गणित असं. सैनिक पडद्याच्या पाव उंचीचा असेल तर एचडीत त्याच्या वाट्याला २७० ओळी येतात. मुकुट, चेहरा, भाला, धोतर, सगळं त्यात. पायातल्या चपलेच्या पट्ट्याला दोन-अडीच ओळी. साध्या चॅनलवर त्याच सैनिकाला १४४ ओळी, पट्ट्याला जेमतेम एक, तीही लुकलुकणारी. म्हणजे साध्यात तो अनवाणी वीर आहे. एचडीत त्याच्या पायात निळ्या पट्ट्याची स्लीपर असल्याचं दिसतं.

दिसली की जागेवरून उठायचं नाही, बोट दाखवायचं: तिसरी ओळ, डावीकडून दुसरा. सैनिकाच्या आईला शेजारून बोलावून आणा. मावशी पडवीतून आत येतील, तुमच्या पाटाशेजारी खाली बसतील, तुम्ही रेकॉर्डिंग थांबवून दाखवाल. त्या पोराचा चेहरा बघणार नाहीत. वाकून पडद्याच्या खालच्या कोपऱ्याकडे बघतील आणि म्हणतील, "गणपतीपासून शोधतेय मी ती चप्पल."